राणी रंगाचा लॉट

आप्पा, आज घरात पाऊल ठेवायला जागा नाही. तुमची नात परवा हिमालयात चालली आहे आणि तिचं सगळं सामान हॉलमधल्या फरशीवर पसरलंय. पाठीवरची सॅक, झोपायची पिशवी, मोजे, टॉर्च, शिट्टी, औषधांचा डबा. मी नाकावर चष्मा चढवून एकेक वस्तू उचलून बघत होते. कस्टमच्या साहेबाने बघावं तसं, असं ती म्हणाली. सॅकच्या तळाशी हात घातला तर सुती टी-शर्टांची चळत लागली. मी म्हटलं, हे काढ. ती म्हणाली, "चालशे मम्मी, सॉफ्ट छे, रात्री झोपताना बरं वाटतं." तिचं बोलणं असंच, अर्धं सुरती अर्धं आपलं. त्यावर मी जे ओरडले ते शेजारच्या ब्लॉकपर्यंत गेलं असणार. ती बघतच राहिली. "कापड तर आहे. एवढं काय झालं?" स्वयंपाकघरात येऊन ओट्यापाशी बसले, आणि आता तिच्याच वहीचा कागद फाडून तुम्हाला लिहिते आहे. काय झालं ते तिला सांगायला हवं हे खरं, पण तिने तुम्हाला पाहिलेलंच नाही. ती जन्मायच्या कितीतरी आधी तुम्ही गेलात. तेव्हा आधी तुमच्याशी बोलून घेते.

सुरतेतली, पांडेसऱ्यातली आपली खोली आठवते ना? तिथे सुती असं काही नव्हतंच. पडदा मिलच्या कापडाचा, उशांचे अभ्रे मिलच्या कापडाचे, आईच्या साड्या, माझे फ्रॉक, पुढे माझे पंजाबी ड्रेस, सगळं तुमच्या खात्यातून निघालेले तुकडे आणि पार्टीने, म्हणजे गिऱ्हाईक व्यापाऱ्याने, परत केलेला माल. गुळगुळीत, चकचकीत पॉलिस्टर, आणि मे महिन्यात अंगाला असं चिकटायचं की सोलून काढावं लागायचं. तुम्ही जेटवर होतात. जेट म्हणजे तो मोठा बंद पिंप, ज्यात कापड उकळत्या रंगात तासन् तास फिरत राहतं, हे मी शाळेत मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची. तुमच्या नखांच्या कडांवरून त्या आठवड्यात कुठला रंग चालू आहे ते आम्हाला कळायचं. पण तुम्हाला स्वतःला त्या कापडाची लाज वाटायची, आप्पा. तुम्ही त्याला कधी कापड म्हणालाच नाहीत, म्हणायचात प्लास्टिक. बँकेतले साहेब, कॉलेजातल्या मॅडम, सिव्हिलमधले मोठे डॉक्टर यांच्या अंगावरचं सुती तुम्ही चालता चालता डोळ्यांनी चाचपायचात. एकदा मला म्हणाला होतात, मोठी हो, शिक, आणि सुती घाल. मला तेव्हा हसू आलं होतं. इतर बाप मुलींसाठी सोनं मागतात, आमचे आप्पा सुती मागतात, असं मी आईला म्हटलं होतं. तिनेही हसून मान डोलावली होती.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या मॅडमनी मुलींना हिमाचलात न्यायचं ठरवलं. आठवडाभर पायी चालायचं, तंबूत राहायचं आणि एक उंच खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं. मॅडम मूळच्या नाशिकच्या, यजमानांच्या बदलीमुळे सुरतेत आलेल्या, आणि त्या दरवर्षी डोंगरात जायच्या. माझा तोवरचा सगळ्यात मोठा प्रवास म्हणजे प्लेगच्या साली आपण रातोरात गावी पळालो तेवढाच. मी घरी विचारलं ते नाही म्हणाल हे धरूनच. चाळीत तर बातमी माझ्या आधी पोचली होती. पोरीची जात, एकटी, परक्या मुलखात, आणि ते सुद्धा डोंगरात, कशाला? तिसऱ्या दिवशी तुम्ही पहिल्या पाळीवरून आलात, हातपाय धुतलेत, ताटावर बसलात आणि आईला सांगावं तसं मला म्हणालात, "जाऊ दे तिले. पन एक शे. जशी जाशी तशी परत ये." एवढीच तुमची अट. मी लगेच हो म्हटलं. जायचं माझं वय होतं, परत येणं अवघड असतं हे कळायचं नव्हतं.

मॅडमनी तयारीला तीन महिने आधीच जुंपलं. सुरतेत डोंगर कुठून आणायचा? आमचा डोंगर म्हणजे उधन्याचा ओव्हरब्रिज. ओझं घेऊन चढायची सवय व्हायला हवी, असं त्यांनी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मिलमधून चिंध्यांचं गाठोडं सायकलवर टाकून आणलंत. ते मी पाठीला बांधून पूल चढायची-उतरायची, आणि तुम्ही शेजारून सायकल हातात धरून चालायचात, जसं काही तुम्हाला त्याच वाटेने भाजी आणायला जायचं होतं. ट्रकवाले भोंगे वाजवायचे. एकदा एका चौकीदाराने हटकलं, गाठोड्यात काय आहे म्हणून, तर तुम्ही त्याला गंभीरपणे सांगितलंत, "प्रॅक्टिस चाले छे." तो बिचारा बाजूला झाला. बूटही तेव्हाच घेतले आणि घरात, बाहेर, नळावर, सगळीकडे तेच घालून हिंडले, कारण नवे बूट डोंगरात पहिल्यांदा घालणाऱ्याच्या टाचा सोलून निघतात. आईने शेंगदाणे-गुळाचे लाडू वळून बघितले, किती दिवस टिकतात ते. मॅडम रोज काही ना काही बजावायच्या. तहान नसली तरी पाणी प्यायचं. दम लागेपर्यंत धावायचं नाही, बोलता येईल एवढ्याच वेगाने चढायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, लपवायचं नाही. डोकं दुखलं, मळमळलं, थंडी वाजली, पाय मुरगळला, तर त्याच क्षणी सांगायचं. "डोंगरात माणूस पडून कमी मरतं, लपवून जास्त मरतं," त्या म्हणायच्या. मी तो नियम घरी येऊन तुम्हाला सांगितला तेव्हा तुम्ही म्हणालात, मिलमध्येही तसंच आहे.

आणि मग ते खोकं. तुम्ही सुट्टीच्या दिवशी कुठे जातोय ते न सांगता गेलात आणि संध्याकाळी चौट्याच्या बाजारातून ते घेऊन आलात. आईला आणि मला समोर बसवलंत. खोक्यातून एकेक कपडा काढून माझ्या मांडीवर ठेवत होतात. दोन पंजाबी ड्रेस, शुद्ध सुती, एक फिकट आकाशी आणि एक दुधावरच्या सायीच्या रंगाचा, बारीक टिपक्यांचा. जाड सुती बनियन, सुती मोजे. "मनी पोर मोठा लोकांसंगे जाई राहिनी. तिले हाई प्लास्टिक नको," तुम्ही म्हणालात. मी कपडा गालाला लावला. तो थंड होता, आप्पा. आपल्या घरातलं कुठलंच कापड थंड लागायचं नाही. आईने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच, इतका खर्च कशाला म्हणून तुमच्यावर डाफरली. त्या दिवशी मला फार श्रीमंत वाटलं होतं.

निघायच्या आधी मॅडमनी सामानाची तपासणी ठेवली होती, पालकांसकट. तुम्ही पाळी बदलून आलात, इस्त्रीचा शर्ट घालून, नखं दगडाने घासून. वर्गातली बाकं मागे सारून मुलींनी आपापलं सामान चादरींवर मांडलं होतं. मॅडम एकेकीपाशी थांबत होत्या. आमच्या चादरीपाशी आल्या, आकाशी ड्रेस दोन बोटांत उचलला, बनियन उचललं, मोजे उचलले, आणि सगळ्यांना दिसेल असे वर धरून म्हणाल्या, "हे बघा, मी ज्याबद्दल सांगते ते हे. हे जीवघेणं आहे." त्यांच्या मनात काही नव्हतं. त्या शिकवत होत्या. सुती कापड भिजलं की पाणी धरून बसतं, वाळत नाही, अंगातली ऊब ओढून घेतं. गारठ्यात, वाऱ्यात, पावसात ओलं सुती अंगावर असलं की धडधाकट माणूस सुद्धा हातचं जातं. हे त्या सगळ्यांना सांगत होत्या. मी मात्र तुमच्याकडे बघत होते. तुमचा चेहरा कसा झाला होता हे मी आज इतक्या वर्षांनी सुद्धा कागदावर उतरवू शकत नाही. माझ्या बापाने आयुष्यात पहिल्यांदा मनासारखं काही घेतलं होतं आणि त्याला भर सभेत जीवघेणं म्हटलं जात होतं. मला मॅडमच्या हातातून ते ओढून घ्यावंसं वाटलं.

तुम्ही पुढे आलात. हात मागे बांधलेले, मिलमध्ये रंगाईच्या मास्तरसमोर उभे राहायचात तसे. "मग काय घालायचं, मॅडम?" तुम्ही तुमच्या ठेवणीतल्या मराठीत विचारलंत. मॅडम म्हणाल्या, "आत लोकर. वर पॉलिस्टर, नायलॉन. पाणी धरत नाही, झटकलं की वाळतं. दादा, तुमच्या सुरतेत त्याला काय तोटा?" दोन-चार पालक हसले. तुम्ही नाही हसलात. तुम्ही पुन्हा विचारलंत, "म्हणजे आमचाच माल?" मॅडमना ते नीट कळलं नाही बहुतेक, त्या हो हो म्हणून पुढच्या चादरीकडे गेल्या. तुम्ही खाली वाकून ते कपडे घडी घालून पुन्हा खोक्यात ठेवलेत, दुकानातल्यासारखी घडी, बाह्या आत घालून. घरी जाताना तुम्ही सायकल जोरात मारत होतात. मी मागून म्हटलं, आप्पा, मी एक तरी ड्रेस नेते, वर घालणार नाही, नुसता नेते. तेव्हा तुम्ही सायकल थांबवून माझ्यावर ओरडलात. "जीव जास म्हने त्यानी! समजस का तुले?" भर रस्त्यात तुम्ही माझ्यावर असे कधीच ओरडला नव्हतात. आज सकाळी मी माझ्या पोरीवर ओरडले तो आवाज तुमचाच होता, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

पण तुम्ही नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवणारे नव्हतात. पुढच्या सुट्टीला तुम्ही नळावर बादली भरलीत, सुती बनियन आणि मिलचा एक तुकडा बरोबरच बुडवलात, बरोबरच पिळलात आणि दोरीवर शेजारी शेजारी टाकलात. मग खाली बाजेवर बसून राहिलात. चाळीतली माणसं विचारायची, कशाची राखण करताय? तुम्ही मध्येच उठायचात, दोन्ही कपडे गालाला लावून बघायचात, पुन्हा बसायचात. मिलचा तुकडा आई चहा करीपर्यंत वाळला. सुती संध्याकाळपर्यंत ओलंच होतं. मी दारातून बघत होते. तुम्ही वाळलेला तुकडा हातात घेऊन कितीतरी वेळ बोटांत चोळत बसला होतात. मला वाटलं तुम्हाला वाईट वाटतंय. आता वाटतं, इतक्या वर्षांत त्या कापडाकडे तुम्ही बहुधा पहिल्यांदा कापड म्हणून बघत होतात.

दोन दिवसांनी तुम्ही मास्तरला विचारून एक अख्खा तुकडा आणलात. राणी रंगाचा. असा राणी की खोलीत दिवा लावायची गरज नाही. तुमच्याच जेटवर निघालेला लॉट होता, ठरल्यापेक्षा शेड गडद आली म्हणून पार्टीने नाकारलेला. माझं तोंड उतरलं. मी म्हटलं, आप्पा, दुसरा रंग नाही का? तुम्ही म्हणालात, रंगाला काय झालं, शेड चुकली, रंग पक्का आहे, मी स्वतः काढलाय. शेजारच्या मावशीने शिलाई मारली. दोन ड्रेस आणि अस्तराचं एक जॅकेट, सगळं राणी. जॅकेट तयार झालं तेव्हा तुम्ही त्यात तोंड घालून फुंकर मारलीत आणि दुसऱ्या बाजूला हात धरून वारा लागतो का ते पाहिलंत. मग मला मोरीपाशी नेऊन उरलेल्या चिंधीला काडी लावलीत. ती पेटली नाही, वितळली, आणि तिचा थेंब फरशीला जळत चिकटला. "स्टोजोडे बठू नको हाई घालीसन," तुम्ही म्हणालात. स्टोव्हजवळ जायचं नाही हे मॅडमनीही सांगितलं होतं. पण तुम्ही तुमच्या मनगटावरचा जुना भाजल्याचा चट्टा पुढे केलात, आणि तो मी कधी विसरले नाही. सुती कपड्यांचं खोकं तुम्ही फळीवर ठेवून दिलंत. परत आल्यावर घाल, म्हणालात.

डोंगराबद्दल तुम्हाला त्या वेळी मी सांगितलं ते सगळं खरं होतं, फक्त थोडं कमी करून सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी मुली माझ्या कपड्यांना हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला रांगेत सगळ्यात शेवटी चालायला सांगितलं, कारण मागे वळून बघितलं की रांग कुठे संपते ते त्यांना लांबून दिसायचं. राणी दिसली म्हणजे सगळ्या आल्या. खिंड ओलांडून आम्ही उतरायला लागलो आणि दुपारी गारा सुरू झाल्या, मग पाऊस, मग असं धुकं की पुढच्या मुलीची सॅक दिसेना. माझ्या पुढे मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याची मुलगी होती, माझी वर्गातली. तपासणीत दाखवायला तिने वेगळे कपडे आणले होते आणि अंगात तिची ती आवडती जाड जीन्स, सुतीच. ती भिजून नुसती जड झाली होती. मुलगी आधी कुडकुडत होती, मग कुडकुडायची थांबली. मला वाटलं बरं वाटतंय तिला. विचारलं तर म्हणाली, "मने कंई नथी थतुं." काही होत नाही म्हणे, पण जीभ जड, शब्द एकमेकांत अडकलेले, आणि पाऊल भलतीकडेच पडत होतं. मला मॅडमचा नियम आठवला आणि मी शिट्टी फुंकत सुटले. फुंकताना मला रडू येत होतं, आप्पा, एवढी मी घाबरले होते.

मॅडम धुक्यातून वर आल्या त्या आधी शिट्टीच्या आवाजावर आणि जवळ आल्यावर माझ्या जॅकेटच्या दिशेने. तिथेच ताडपत्री ओढून आडोसा केला, तिचे ओले कपडे कात्रीने कापून काढले, आणि माझ्या सॅकमधला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दुसरा राणी ड्रेस तिच्या अंगात चढवला, वर मॅडमचं लोकरी स्वेटर. तिला आणि मला एकाच झोपायच्या पिशवीत घालून आम्ही तिला ऊब देत बसलो, साखरेचं कोमट पाणी घोट घोट पाजत. किती तरी वेळाने तिला पुन्हा कुडकुडी भरली. मॅडम म्हणाल्या, आता भीती नाही, कुडकुडणं चांगलं. मग ती रडायला लागली आणि आम्ही सगळ्याच रडलो. माझं जॅकेट अंगावरच वाळत आलं होतं. मी बाहीला हात लावून बघितला आणि मला ती नळावरची दोरी दिसली, आणि बाजेवर बसलेले तुम्ही. तेवढ्यात मला इतकी तुमची आठवण आली की त्या क्षणी उठून सुरतेच्या दिशेने चालू लागावंसं वाटलं.

सुरत स्टेशनला तुम्ही आला होतात. फलाटावर गर्दीत मी तुम्हाला आधी पाहिलं. छातीशी ते खोकं धरून उभे होतात. उन्हाळा नुसता पेटला होता आणि मी राणी ड्रेसवर राणी जॅकेट घालून घामाने निथळत उतरले. तुम्ही मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलंत, हात, पाय, बोटं. मग खोकं पुढे केलंत. वेटिंग रूममध्ये जाऊन हे घाल, चाळीत सुती घालून चल, म्हणालात. मी नाही म्हटलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, गरम होतंय तुला. मी म्हटलं, होऊ दे, मी यातच येणार. आणि तिथेच फलाटावर, हमालांच्या मधे उभं राहून, मी तुम्हाला त्या मुलीचं सांगितलं. तुम्ही खाली मान घालून ऐकलंत. सगळं ऐकून झाल्यावर माझ्या जॅकेटची कॉलर अंगठ्याने उलटी केलीत, लॉट तपासताना करायचात तशी, आणि विचारलंत, "रंग उतरना का?"

मी म्हटलं, "नही उतरना."

तुम्ही मान हलवलीत. चाळीच्या तोंडाशी बायका जमल्या होत्या. शिलाई मारणारी मावशीच पहिल्यांदा ओरडली, "माय वो! इतला ऊनमा काय घालेल शे पोरनी हाई!" मी काही बोलायच्या आत तुम्ही पुढे झालात, खोकं बगलेत मारून, आणि असे बोललात की मागच्या खोल्यांपर्यंत ऐकू जावं. "हाई आमनी मिलनं कापड शे. रंग पक्का शे." त्या दिवशी तुम्ही प्लास्टिक म्हणाला नाहीत. त्यानंतरही माझ्यासमोर कधी म्हणाला नाहीत. मी शिकले, नोकरीला लागले, सुती घालू लागले, सायीच्या रंगाचा ड्रेस घालून मुलाखतीला गेले आणि तुम्ही दारात उभे राहून बघितलंत. पण मला तुमचा चेहरा आठवायचा असतो तेव्हा मी चाळीच्या तोंडाशी उभी असते, घामाने भिजलेली, आणि तुम्ही माझ्यापुढे उभे असता.

मग तुमची छाती बिघडली. तुम्ही गेलात तेव्हा अंगावर नवं पांढरं सुती घातलं होतं, रीतीप्रमाणे. मला त्याचं इतकं वाईट वाटलं की मी बाहेर जाऊन बसले. जिवंतपणी एकदाही स्वतःसाठी घेतलं नाही, असं आई सारखं म्हणत होती.

हे पत्र कुठे टाकणार? ती खोली पाडून तिथे गोडाऊन झालं, आणि तुमचा असा दुसरा पत्ता मला ठाऊक नाही. मघाशी पोर आत येऊन गेली. मी लिहितेय हे बघितलं, टी-शर्टांची चळत ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "काढले, बस? आल्यावर घालेन." मला उठून तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आधी हे संपवते. कपाटाच्या तळाशी एक पांढरं लोकरी स्वेटर आहे, तिबेटी लोकांच्या बाजारातून आईने आणलेलं, जे मी तेव्हा जॅकेटच्या आत घातलं होतं. ते आज मी तिला द्यायला काढलं. दोन्ही खांद्यांवर, सॅकचे पट्टे जिथे घासत होते तिथे, अजून दोन रुंद गुलाबी पट्टे आहेत. उतरला होता, आप्पा. पावसाने, घामाने, ओझ्याने भरपूर उतरला होता. मानेवर, पाठीवर, कानांमागे सुद्धा. आई त्या संध्याकाळी मोरीत माझी पाठ घासताना कुजबुजली होती, तुना बापले काही सांगू नको. आणि तुम्ही जेवून उठताना जॅकेटकडे न बघता तिला म्हणाला होतात, "हाई येगळं भिजव." ते मी मोरीतून ऐकलं होतं. तुम्ही फलाटावर माझी कॉलर उलटी केलीत तेव्हा माझी मान तुमच्यासमोरच होती. म्हणजे तुम्हाला मी काही नवं सांगते आहे असं नाही. फक्त एवढंच, की त्या दिवशी आईने अंघोळीला साबण पुढे केला, तेव्हा खांद्यांवरचा रंग मी तिला घासू दिला नाही.